ठरावाने सुटलेला बर्फ

सहकार म्हणजे सर्वांनी एकासाठी आणि एकाने सर्वांसाठी झटणे, हे थोर तत्त्व जगाला प्रथम कुणी दिले याबद्दल विद्वानांत वाद असतील. पण ते शब्दशः आचरणात आणण्याचा मान नाशिकच्या गंगथडी पुष्प उत्पादक सहकारी संघाकडे जातो, याबद्दल वाद नसावा. तिथे सर्वजण एकासाठी झटत. तो एक म्हणजे नाथा शिपाई, आणि त्याला थंडीत आंघोळीला कढत पाणी लागे.

संघाचे कार्यालय मखमलाबाद रस्त्याला. पुढे कचेरी, मागे फुलांची खोकी भरायची शेड आणि शेडच्या टोकाला बर्फाचे यंत्र. गुलाबवाल्या शेतकऱ्यांनी खरे म्हणजे टेम्पो मागितला होता. पण योजनेत टेम्पो बसत नव्हता, बर्फाचे यंत्र बसत होते, म्हणून यंत्र आले. ते आल्यावर त्याचा उपयोग शोधण्यात आला. (आधी वस्तू, मग गरज, हाच विकासाचा शास्त्रशुद्ध क्रम आहे.) उपयोग निघालाही चांगला. बर्फाचे खडे पिशवीत भरून खोक्याच्या कोपऱ्यांत ठेवले, तर मखमलाबादची कळी दादरच्या फूलबाजारात कळी म्हणूनच उतरते. नाहीतर कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत तिचे फूल होते आणि कल्याण येईपर्यंत निर्माल्य.

यंत्राची रीत साधी. आतल्या थंडगार पत्र्यावर पाणी पडते, त्याचे चौकोनी खडे गोठतात, आणि मग पत्र्यामागचा एक छोटा हीटर थोडा वेळ तापतो. तेवढ्या उबेने खडे पत्र्याला सोडतात आणि खडखडत खालच्या पेटीत पडतात. हीटर तापला नाही, तर खडे पत्र्याला धरून बसतात, त्यांच्यावर आणखी पाणी गोठत जाते, आणि पदाधिकाऱ्यांचे होते तेच बर्फाचे होते: जितका जुना, तितका घट्ट. इंग्रजी पुस्तिकेत या भागाला डीफ्रॉस्ट हीटर म्हटले होते. संघाचा व्यवस्थापक देवराम मौले याने मातृभाषेच्या अभिमानापोटी त्याचे ‘हिमविमोचक तापक’ असे भाषांतर करून ती चिठ्ठी यंत्रावर चिकटवली. त्या दिवसापासून तो भाग काय करतो, हे कुणालाच कळेनासे झाले.

देवराम फुलवाल्यांच्याच घरातला, पण कॉमर्स शिकलेला. त्यामुळे खुरपे हातातून सुटले आणि लेखणी आली. त्याने लिहिलेला ठराव म्हणजे अंगाला तेल लावलेला पैलवान. विरोधकाला धरायला कुठे जागाच नसे. संघाला अशा माणसाची गरजही होती. कारण कुणालाही काहीही नाव घेऊन सांगायचे नाही, हा संघाचा कडक शिष्टाचार होता. ज्याला सांगायचे तो कुणाचा तरी जावई, साडू किंवा मतदार असतोच. म्हणून जे एकाला सांगायचे ते सगळ्यांना सांगायचे, म्हणजे ज्याचे त्याला आपोआप कळते. एक संचालक जिन्यात पिंक टाकत, तेव्हा ‘सर्व सभासदांनी जिन्याचे पावित्र्य राखावे’ असा फलक लागला. (त्या फलकावरही पिंक पडली, पण ती नाव न घेता.) एक कारकून रोज उशिरा येई, तेव्हा भिंतीवरचे घड्याळ दुरुस्तीला पाठवण्यात आले. भाड्याच्या टेम्पोचा ड्रायव्हर पिऊन येऊ लागला, तेव्हा ‘कामाच्या वेळी कुणीही कुणाच्या फार जवळ उभे राहू नये’ असे परिपत्रक निघाले. संघात भांडण म्हणून कधी झाले नाही.

तर नाथा. संघाचे अध्यक्ष पुंजाराम काकड, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्या सौभाग्यवतींचा हा धाकटा भाऊ. सन दोन हजार दोनच्या जानेवारीत नाशिकला अशी थंडी पडली की गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, रोज जाणारे भाविकही हातावर पाणी घेऊन भागवू लागले. नाथाने मात्र धर्म सोडला नाही. सकाळी कचेरी उघडली की तो व्हरांड्यात बादली भरी, तीत विजेचा रॉड सोडी आणि मीटरची चकती गरगर फिरत असताना गाणे म्हणे. मग मोरीत सावकाश आंघोळ. बिल पाहून अण्णांच्या छातीत कळ आली. त्यांनी देवरामला आत बोलावून दार लावून घेतले.

“मॅनेजर, तुम्ही सांगा त्याला. घरून आंघोळ करून ये म्हणावं.”

“मी सांगितलं, तर वहिनींना वाटणार तुम्हीच सांगायला लावलं.”

अण्णांनी या शक्यतेचा विचार केला आणि ते खुर्चीत थोडे खाली सरकले. “मग?”

“मग सगळ्यांनाच सांगू,” देवराम म्हणाला.

योगायोगाने ऊर्जा बचतीचा पंधरवडा चालू होता आणि त्यानिमित्त जिल्ह्यातल्या संस्थांची स्पर्धाही होती. देवरामने संचालकांच्या पुढच्याच बैठकीत ठराव ठेवला: ‘ऊर्जा बचतीचे औचित्य साधून संघाच्या आवारातील सर्व प्रकारचे, सर्व आकारांचे, दृश्य व अदृश्य हीटर तत्काळ प्रभावाने बंद करण्यात येत आहेत.’ ‘दृश्य व अदृश्य’ हे शब्द त्याला ऐनवेळी सुचले होते आणि त्यांच्यावर तो बेहद्द खूश होता. ठराव एकमताने मंजूर झाला. सर्वांत आधी हात वर केला तो चहा घेऊन आलेल्या नाथाने. (त्याला मत नव्हते, पण उत्साहाला कुणी अडवत नाही.)

अंमलबजावणीसाठी द्वारका चौकाजवळ दुकान असलेल्या मयूर वायरमनला बोलावले. तो आला तेव्हा व्हरांड्यात बादलीतून वाफा निघत होत्या. मयूरने तिकडे हात करताच नाथाने त्याला थांबवले.

“हा हीटर नाय. हा रॉड हाय.”

“एकच ना ते?”

“तू सवता दुकानदार हाय. मी तुझ्या दुकानात आलो आन् म्हणलो हीटर दे, तं तू मला काय दाखवशील?”

मयूरने प्रामाणिकपणे विचार केला. हीटर म्हटल्यावर त्याने समोर ठेवला असता तो खोली गरम करायचा, लाल तारांचा. रॉड मागितला तरच रॉड. मुद्दा बिनतोड होता. त्याने रॉडला नमस्कार केल्यासारखे केले आणि तो पुढे सरकला. सगळे आवार धुंडाळले, पण हीटर असे नाव असलेली वस्तू एकच सापडली: बर्फाच्या यंत्राच्या नकाशात, इंग्रजीत. ती अदृश्यही होती. मयूरने झाकण उघडून तिची वायर काढली, टोकाला काळी टेप गुंडाळली आणि ‘संघाच्या आवारात आता एकही हीटर चालू नाही’ असा दाखला लिहून दिला. ज्याच्यासाठी ठराव झाला तो ठरावातून सुटला, आणि ज्याला ठरावाचा गंध नव्हता तो सापडला. (याला कायद्याच्या राज्यात काटेकोर अंमलबजावणी म्हणतात.) दाखला स्पर्धेत गेला. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. अण्णांना शाल मिळाली. प्रशस्तिपत्र चौकटीत घालून भिंतीवर लागले, आणि त्या भिंतीपलीकडे नाथाची बादली उकळत राहिली.

बर्फ पडायचा थांबला.

संघाला दुसऱ्या दिवशी कळले आणि देवरामच्या आत्याला तिसऱ्या. वत्सलाबाई तिडके ही देवरामच्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या मळ्यात गुलाबाचे जेवढे वाफे, तेवढे गावात दुसऱ्या कुणाचे नव्हते, आणि गाव तिच्याकडे बघून चाले. ती शेडमध्ये आली, यंत्रात डोकावली, आत बसलेला पांढरा धोंडा पाहिला आणि तशीच देवरामच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

“देवा, त्या व्हॅलेंटाइनबाबाचा सण कधी हाय?”

“चौदा फेब्रुवारीला, आत्या.”

“मागल्या साली माझी फुलं बर्फावाचून गेली. दादरला उतरस्तोवर मान टाकली. पोरींच्या हातात जायची ती मयताच्या हारात गेली. अवंदा बर्फ नसंल तं आत्ताच सांग. पिंपळगावचा व्यापारी सवताचं कोल्डस्टोरेज घेऊन दारात उभा हाय. मी गेले तं निम्मं गाव माझ्यामागं जाईल.” तिने टेबलावरची वही त्याच्यापुढे सरकवली. “मग तू हितं बसून ठराव कर. फुलांचे नाय, माशा मारायचे.”

आत्या कधी खोटे बोलत नसे, हा तिचा एक मोठा दोष होता. तिचे वाफे गेले की संघ गेला आणि संघ गेला की देवराम पुन्हा खुरप्यावर, हे समजायला कॉमर्सची पदवी लागत नव्हती. बर्फ पडेल, असे त्याने आत्याला वचन दिले आणि लगोलग दोषनिवारण समिती नेमली.

समितीचे प्रमुख गायखे साहेब. ते ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे ते हजेरीच्या विभागात होते, पण त्यांच्या खिडकीतून विमाने स्पष्ट दिसत. मयूर समितीचा तांत्रिक सहायक झाला. पहिल्याच बैठकीत त्याने मीटर लावून फ्यूज पाहिला, टायमर पाहिला, हीटरची दोन टोके तपासली आणि सांगितले की सगळे ठणठणीत आहे. वायर जोडलेली नाही, कारण ती त्यानेच काढली आहे. जोडली की बर्फ पडेल. मग गायखे साहेबांनी नोंदवून घ्यायला सांगितले की हा दोष यंत्रातला नसून ठरावातला दिसतो, आणि समितीची कक्षा यंत्रापुरती आहे. तपास चालू ठेवण्यात आला. तो असा:

पाणी. संघाला गंगेचे पाणी येते. पवित्र पाणी धातूला जास्त धरून राहते काय, हे पाहण्यासाठी एक दिवस बोअरचे पाणी घातले. तेही धरून राहिले. (गंगेची प्रतिष्ठा राहिली.)

दिशा. यंत्राचे तोंड दक्षिणेला होते, ते फिरवून उत्तरेला केले. आता ते मोरीकडे पाहू लागले.

उंची. विमानाच्या पंखांवर बर्फ धरला, तर वैमानिक विमान खाली आणतो, ही माहिती गायखे साहेबांनी दिली. म्हणून यंत्राखालच्या विटांचा एक थर काढण्यात आला.

नारळ. यावर अहवालात भाष्य नाही.

अहवालाचा निष्कर्ष एका वाक्याचा होता: ‘यंत्र सर्वतोपरी निर्दोष असून केवळ त्यातून बर्फ मिळत नाही.’

ठरावच मागे घ्यावा, असे देवरामने अण्णांना आडून सुचवून पाहिले. अण्णांनी भिंतीकडे बोट दाखवले. शाल अंगावरून काढून परत करता येते, पण शाल घेतानाचा फोटो वर्तमानपत्रात आला होता, तो परत कसा करणार? शिवाय हीटर पुन्हा लावला, की तो बंद का केला होता हा प्रश्न निघणार. तो निघाला की नाथाचे नाव निघणार. आणि ते निघाले की अण्णांना जेवायला कुठे जायचे हा प्रश्न निघणार. अण्णा दूरदृष्टीचे पुढारी होते. त्यांना हे सगळे एका नजरेत दिसले.

अशा वेळी मदतीला धावून आला तो नाथाच. मनाने तो फार चांगला होता. त्याने आपल्या बादलीतले कढत पाणी तांब्याने यंत्रातल्या पत्र्यावर ओतायला सुरुवात केली. बर्फ सुटला. निम्मा जागीच वितळला, उरलेल्यातला बराचसा पेटीत पडून गरम पाण्यात पोहला, आणि जे बर्फगार पाणी झाले ते नाथाने बादलीला विसण म्हणून वापरले. अशा रीतीने यंत्र संपूर्णपणे नाथाच्या आंघोळीला जोडले गेले. पुरवणी अहवालात या रीतीला ‘उष्णोदक पद्धत’ म्हटले आहे. तिच्यासाठी नाथाला दुसरी बादली आणि आणखी एक रॉड मंजूर झाला, आणि ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून त्याच्या बिलाबद्दल बोलणेच बंद झाले. खोक्यांसाठी मूठभर खडे उरत. आत्याने ते पाहिले, ओंजळीत घेतले, आणि ओंजळीत त्यांचे पाणी होईपर्यंत देवरामकडे नुसती पाहत राहिली.

त्या दिवशी देवरामला आयुष्यातली सर्वांत चांगली कल्पना सुचली. त्याने टिपण लिहिले: हिमविमोचक तापक हा वस्तुतः पत्र्यामागे बसवलेला धातूचा दांडा असल्याने त्यास हीटर न म्हणता रॉड म्हणावे, रॉडला ठराव लागू होत नाही, हा पायंडा संघाच्या व्हरांड्यात पडलेलाच आहे. अण्णांनी टिपण वाचले आणि देवरामची पाठ थोपटली. संध्याकाळपर्यंत वायर जोडलीही गेली असती. पण चहा घेऊन नाथा आत आला, त्याने उभ्याउभ्याच टिपण वाचले आणि ट्रे खाली ठेवला.

“मॅनेजरसाहेब, आज तुम्ही हीटरला रॉड म्हणता. उद्या कुणी रॉडला हीटर म्हणलं, तं मी कुठं जायचं?”

प्रश्न तात्त्विक होता. रात्रीच्या जेवणात तो अण्णांच्या घरी अधिक तात्त्विक झाला असावा. सकाळी अण्णांनी टिपणावर शेरा मारला: ‘भाषेची मोडतोड संघास परवडणार नाही.’

बारा फेब्रुवारीला दुपारी आत्याची खोकी शेडमध्ये येऊन पडली. कळ्या अशा की एकेक हाताळायला भीती वाटावी. टेम्पो संध्याकाळी निघायचा होता. पिंपळगावचा व्यापारी रस्त्याच्या पलीकडे रसवंतीवर उसाचा रस पीत बसला होता, आणि घाईत नव्हता. मयूरला विचारले तर तो म्हणाला, हीटर नाही असा दाखला त्याच्या सहीचा आहे. नसलेली वस्तू तो कशी जोडणार?

मग देवरामने पहिल्यांदाच ठराव न लिहिता एक गोष्ट करायचे ठरवले. आत्याने नाथाला हाक मारली आणि त्याच्या बहिणीसाठी कळ्यांची जुडी काढून दिली. उन्हाने कोमेजायच्या आत पोचती कर म्हणाली. नाथा गेला. आत्या शेडच्या दारात खोक्यावर बसली. देवरामने मेन बंद केला, झाकण उघडले, काळी टेप सोडवली. लेखणीला सरावलेल्या हातातून स्क्रू दोनदा पडला. वायर बसली. मेन चालू केला. दोघे ऐकत राहिले. आत काहीतरी हलकेच गुणगुणले, पत्र्यावरून पाणी ओघळले, आणि मग अडकून बसलेला सगळा बर्फ धाडकन पेटीत आला. त्याच्या मागून नवे खडे, स्वच्छ, चौकोनी, खडखडत.

“पडला का रं?” आत्याने दारातूनच विचारले.

“पडला.”

“मंग आता ऱ्हाऊ दे जोडलेली.”

“तसं नाही करता येत, आत्या. संघात हीटर नाही.”

“मंग हे काय हाय?”

देवरामने झाकणाकडे पाहिले. “हे अदृश्य आहे.”

“तुझ्या बापाला म्हणलं व्हतं,” आत्या म्हणाली, “पोराला इतकं शिकवू नको.” आणि उठून तिने बर्फाची पहिली पिशवी भरायला घेतली.

खोकी गेली. कळ्या दादरला कळ्या म्हणून उतरल्या. व्यापारी रसाचे ग्लास ठेवून पिंपळगावला गेला. पण पिशव्या भरत असतानाच अण्णा शेडमध्ये आले होते, आणि त्यांच्याबरोबर स्पर्धेचे एक परीक्षक, पुढच्या वर्षासाठी पाहणी करायला. परीक्षकांनी बर्फ पाहिला, कचेरीतले प्रशस्तिपत्र आठवले आणि विचारले, हीटर नसताना बर्फ सुटतो कसा? देवरामने तोवर वायर काढून खिशात टेप टाकली होती. खरे सांगायचे तर नाव घ्यावे लागणार होते.

“ठरावाचा प्रभाव, साहेब,” तो म्हणाला.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ‘हीटरविना बर्फ’ ही गंगथडी पद्धत म्हणून गाजली. अभ्यास दौरे येऊ लागले. पाहुणे यंत्रासमोर हात जोडून उभे राहतात, अण्णा सामूहिक इच्छाशक्तीवर बोलतात, देवराम ‘जरा पाणी बघतो’ म्हणून मागे जातो, आणि थोड्या वेळाने बर्फ पडतो. टाळ्या होतात. यंत्रात जे काम टायमर करी, ते आता पदवीधर व्यवस्थापक करतो. तो नसला की बर्फ पडत नाही, हे लक्षात आल्याने त्याची नोकरी पक्की झाली आहे आणि रजा बंद. आत्याचे वाफे संघातच आहेत. ती वर्षातून एकदा येऊन दारात खोक्यावर बसते आणि काही बोलत नाही. भेट देऊन गेलेल्या संस्थांपैकी झाडून सर्वांनी परत जाऊन आपापले हीटर काढले. त्यांत बर्फाचे यंत्र असलेल्या दोनच होत्या. एका पतसंस्थेकडे हीटरच नव्हता. तिने आधी बसवून घेतला आणि मग समारंभपूर्वक काढला.

दौऱ्याला कुणीही येऊ शकते. हे वाचताना ज्यांना हसू आले त्यांनी तर जरूर यावे. त्यांच्याही सोसायटीच्या फलकावर ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ अशी सुरू होणारी एक सूचना लागलेली असते, आणि ती खरी कुणासाठी आहे, हे सगळ्या इमारतीला माहीत असते. (आपल्याला अजून समजले नसेल, तर ती आपल्यासाठीच आहे.) प्रवेश सर्वांना खुला असून कोणतीही अट नाही.

फक्त सर्व पाहुण्यांनी येताना आंघोळ घरूनच करून यावे, ही नम्र विनंती.